मामंजींचं खाकरणं

रविवार, संध्याकाळ

पोरीनं बाप्याचं सोंग घ्यायचं, म्हणून मामंजी, म्हणजे माझे सासरे, आठ दिवस राणीशी, नातीशी, बोलले न्हाईत. आज परभणीत तिचं नाटक झालं. धोतर नेसून म्हातारा झालेली राणी स्टेजवरच्या दारात आली अन् आत शिरायच्या आधी खाकरली. थेट मामंजीच! माझा हात आपसूक पदर डोक्यावर घ्यायला गेला. मामंजी तर इकडं पिंगळीला, घरी. शेजारी बसलेले आमचे हे लय हसले. राणीला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं, पण निकाल माझ्या पदरानं आधीच लावला होता.

घरी आल्यावर मामंजींना सगळं सांगितलं, पदराचंबी. भीतभीतच. मग ते राणीला म्हणाले, "खाकर बघू."

ती खाकरली.

"जरा जोरात. इतका म्हातारा न्हाई मी!"