दारातला आपटा

प्रिय अण्णा,

परवा आपल्या दारातल्या आपट्याला पहिल्यांदा फुलं आली, आणि ती बघायला आता तुमी नाहीत, म्हणून लिहायला बसलो. तळहाताएवढी, गुलाबी-जांभळी फुलं. आपट्याची तर बारकी, पांढुरकी असतात ना? हा कांचन हाय, अण्णा! तीन दसरे आपण अख्ख्या गल्लीला कांचनाची पानं सोनं म्हणून वाटली.

चूक माझी. तुमी मला पालीच्या रोपवाटिकेत धाडलं होतं. वाटेत एक टेंपोवाला भेटला, तो परळीकडं निघालेला, मग मी धर्मापुरीचं देऊळ बघून आलो. काय कोरलंय तिथं! असो. तिसऱ्या दिवशी पालीला पोचलो तर रोपवाटिका बंद. रस्त्यावरच्या हातगाडीवाल्यानं आपटा म्हणून जे दिलं ते घेतलं. दोन्हीचं पान मधून चिरलेलं, मला काय कळणार? हातगाडीचं तुमाला सांगितलंच नाही.

तुमी बसचे ड्रायव्हर. पान बघायला गाडी थांबवावी लागती, फूल चालत्या गाडीतून दिसतं, म्हणायचा. फिकट गुलाबी फांदी दिसली की गिरिपुष्प. केशरी तो पळस, गडद लाल तो पांगारा. माजलगावच्या रस्त्यावर मी पांगाऱ्याला पळस म्हणालो, तर तुमी ते मागच्या सीटपर्यंत ऐकवलं होतं. आठवतं?

फुलं बघून काका म्हणाले, तोडून टाक, खोटं सोनं दारात कशाला. मीही कुऱ्हाड काढली. तेवढ्यात आई बाहेर आली.

"तुझ्या अण्णांना पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं," ती म्हणाली. "पान लई मोठं हाय म्हणाले. मी म्हणलं, मग सांगा की पोराला. तर म्हणाले, राहू दे, लांबून घेऊन आलंय. फुललं की त्याचं त्याला कळंल."

कुऱ्हाड ठेवून दिली.

का नाही बोललात, अण्णा? एरवी गाडीभर ऐकवणारे तुमी! आणि दसऱ्याला तेच पान काकांच्या हातावर ठेवताना जरा हसलाही नाहीत.

कांचन राहणार. शेजारी आपटा लावलाय, रोपवाटिकेतला. या वेळी सरळ गेलो, सरळ आलो. बरं, बिंदुसरेच्या धरणावर थोडा थांबलो. आपट्याला फुलायला काही वर्षं लागतील. एवढे दिवस मी एका जागी बसणार नाही, हे तुमाला ठाऊकच आहे. पण दर शिमग्याला, फुलांच्या दिवसांत, घरी असेन. आणि फूल आलं की या वेळी काय आणलंय ते आईला मीच सांगीन.

तुमचा,
गजा