वरून दिसलेली होडी

रेवदंडा, फेब्रुवारी १९३४

प्रिय अनंता,

आपली होडी मिळाली. हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं तू बसून वाचशील. आबांची होडी, तीच. मी ओळखली, मी भांडले आणि काल भरतीला आपल्या बंदराला आणून लावली. अख्खा कोळीवाडा बघायला जमला होता. शेजारची ठमाबाई दोन वर्षं मला ऐकवत होती की ती होडी कधीच फुटून कुणाच्या चुलीत गेली असेल. तिलाच मी पहिली आत चढवली. म्हटलं, बस, आणि सांग आता कुठल्या चुलीत गेली ती.

नीरामावशीकडे आगरदांड्याला गेले होते. तिचं घर टेकाडावर, चढताना दम लागला म्हणून वाटेत बसले आणि खाली बघितलं. ओहोटी होती. चिखलात पाच होड्या. तिसरीवर नजर गेली आणि मी ताडकन उठून उभी राहिले. अरे, आबांची होडी मी जन्मात वरून बघितलेली नव्हती. आपल्या सपाट वाळूवर चढायचं कुठे? आणि ही हिरवी रंगवलेली, आपली काळी. डोलकाठी पुढे सरकवलेली, आतल्या फळ्या नव्या. पण आबांच्या सुताराला डाव्या बाजूला नीट लाकूड मिळालं नव्हतं, म्हणून ती कूस फुगली, ते तुला माहीत आहे. वरून ती एका गालात लाडू धरलेल्या पोरीसारखी दिसत होती.

होडी गेल्यावर महिन्याने तूही तिथे जाऊन आलास आणि तिथल्या होड्यांत आपली नाही म्हणालास. तेव्हा मी तुला आंधळा म्हटलं. आता कळतं. तू सुकाणूवर बसणारा, तुला ती आतून ठाऊक, आणि आतलंच सगळं चोराने बदललं. मी लहानपणी तिच्या सावलीत झोपले, दरवर्षी तिच्या बुडाला तेल चोपडलं. तुम्ही निघालात की तिची पाठ बघायची, आलात की तोंड. इतक्या बाजू डोळ्यांत बसल्या होत्या, म्हणून न बघितलेली बाजूही ओळखता आली. हातातला मासा उलटावा तशी ती माझ्या डोक्यात आपली आपण उलटली.

होडी हिरामण नावाच्या माणसाकडे होती. तो हसत म्हणाला, "ए बाय, तुझी काळी व्हती ना? ही हिरवी हाय. मंग?" मी तिथल्या पाटलांना बोलावलं. पाटील वस्ताद निघाले. त्यांनी पाचही होड्या काठावर ओढून पालथ्या घालायला लावल्या, वरून जुनी शिडं टाकली आणि मला मागच्या टोकांसमोर उभं केलं. मी बोट दाखवलं. मग मला पाठमोरी करून होड्यांच्या जागा बदलल्या आणि तोंडांकडून दाखवल्या. पुन्हा बोट दाखवलं. तिसऱ्यांदा आडव्या ठेवल्या आणि मी अडले. अगदी आडवं बघितलं की सगळ्या सारख्याच. हिरामणची माणसं खिदळायला लागली. मी म्हटलं, "पाटील, दोन पावलं सरकू द्या, एवढंच." सरकले, तिची कूस जरा वळलेली दिसली आणि मी जाऊन तिच्यावर हातच ठेवला. पाटलांनी विचारलं, "बाय, कसं गं ओळखतेस?" मी म्हटलं, "तुमची बायको पाठमोरी वाकून अंगण झाडते, तेव्हा तोंड दाखव म्हणता का तिला?" सगळा किनारा हसला, पाटलीणबाई सगळ्यांत जास्त.

पाटलांनी होडी माझी म्हणून सांगितलं. दुसरी कुणी असती तर ढकलून निघाली असती. मी तिथेच वाळूत बसले. हिरामण म्हणत होता की होडी सुटून वाहत आली, त्याने फक्त धरली. मी म्हटलं, होडी कशी सुटली तेच मला ऐकायचंय, खरं सांग, तोवर मी उठत नाही. तासभर नुसती वटवट चालली. शेवटी वैतागून त्याच्या तोंडातून निघालंच, "वाहत कशाला येतेय? गाठ एवढी घट्ट व्हती की दोघं लागलो, तरी सुटंना. दातांनी सोडवली!" मी ते त्याला पाटलांसमोर पुन्हा बोलायला लावलं.

अनंता, तुला साधी गाठ मारता येत नाही, म्हणून आबांची होडी वाहून गेली, हे मी बंदरावर सगळ्यांदेखत ओरडले होते. त्यानंतर पावसाळ्याआधीच तू मुंबईला गोदीत कामाला गेलास. काल त्याच बंदरावर, तेवढ्याच मोठ्याने, मी हिरामणच्या दातांची गोष्ट सांगितली. होडीची बातमी तुला कुणीही कळवली असती. हे मात्र मलाच लिहायचं होतं. मी चुकले. दुसऱ्यांदा लिहायला लावू नकोस. सुकाणूवर मी कुणाला बसू दिलेलं नाही, काल आणतानाही मीच बसले आणि दोनदा वाळूत रुतवली. पगार घे आणि ये.

तुझीच, तोंडाने फाटकी थोरली बहीण,
भागू