हिरव्या पाटीचा अर्ज

१ मार्च, सकाळी ९.१०
संकल्प: खोटं बोलायचं नाही. निदान लेखी तरी.
सरकारची प्रदूषणाबाबत नवी योजना आली आहे. प्रत्येक कारखान्याच्या गेटवर पाटी लागणार, हिरवी, पिवळी नाहीतर लाल. ३१ तारखेच्या आत चूक आपणहून कबूल केली तर माफ. नंतर सापडली तर थेट लाल. आमचा कापड रंगवण्याचा कारखाना, पर्यावरण अधिकारी मी. चूक एकच. शुद्धीकरणाची टाकी भरली की मागची झडप उघडून रंगाचं पाणी तसंच ओढ्यात सोडतो. सोडतो म्हणजे मिस्त्री सोडतो, मी फक्त मान हलवतो.
आजच कबूल करणार. जेवण झालं की लगेच.

१ मार्च, दुपारी ४
फॉर्म सात पानी आहे. असली कामं घाईत करू नयेत.

६ मार्च
ताईचा फोन. ओढ्याच्या खालच्या अंगाला तिची रोपवाटिका आहे. भावोजी गेल्यापासून तेवढाच आधार. गुलाबांची पानं करपतायत, तुला यातलं कळतं म्हणून विचारते, म्हणाली. खत बदल, असं सांगितलं. शास्त्रीयदृष्ट्या चूक नाही. खत कधीही बदललं तरी चालतं.
जेवण गेलं नाही. बायको म्हणते ॲसिडिटी. असेलही.

११ मार्च
मिस्त्री विचारत होता, झडप बंद करू का, पाच मिनिटांचं काम आहे. पण बंद केली की टाकी तुंबणार, रंगाईची एक पाळी थांबणार, आणि ते साहेबांना सांगावं लागणार. म्हटलं, आधी कबुली, मग झडप. आधीच बंद केली तर कबूल काय करायचं? तो डोकं खाजवत निघून गेला. प्रोसिजर कळत नाही या लोकांना.

१७ मार्च
पाच पानं झाली. भाषा झकास जमली आहे. 'झडप उघडली' ऐवजी 'झडप उघडी आढळली'.
सहाव्या पानावर घोडं अडलं. रकाना: नुकसान कोणाचं झालं, नाव लिहा.

१८ मार्च
'कोणाचंही नाही' लिहिलं. खोडलं. 'तपास चालू' लिहिलं. खोडलं. कोरा फॉर्म मागवला.

२३ मार्च, रविवार
ताईकडे गेलो, सांगायचंच म्हणून. निम्मी रोपं काळी पडलीत. तोंडून निघालं, खत बदललंस का? तीनदा बदललं, म्हणाली. माझाच हात वाईट झालाय बहुतेक. तसं काही नाही गं, म्हणालो. एवढं तरी खरं बोललो.
लाज वाटते स्वतःची. येताना तिनं उरलेल्यातलं चांगलं रोप निवडून दिलं.

२९ मार्च
हिय्या करून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, हिरव्या पाटीला एकच कागद कमी आहे. ओढ्याकाठच्या शेजाऱ्याचं, तक्रार नसल्याचं पत्र. तुमची बहीण तिकडेच ना? हो म्हणालो. विचारलं त्याचं उत्तर दिलं, एवढंच.
उद्या ताईला सगळं सांगणार. परवा फॉर्म. पक्कं.

३० मार्च, संध्याकाळी ६
ताईकडे गेलो. साहेबांचा माणूस सकाळीच येऊन गेला होता. पत्र सही करून तयार. वाचलंस तरी का, म्हटलं.
"कशाला वाचू? पाण्यात काही असतं तर पहिल्यांदा तूच सांगितलं असतंस मला."
सांगायला म्हणून घसा खाकरला. तिला वाटलं तहान लागली. पाणी आणून दिलं. प्यालो.

३१ मार्च, दुपारी ४.५५
सरकारी खिडकी. एका हातात सात पानं, दुसऱ्या हातात ताईचं पत्र. दोन्ही एकदम चालत नाही म्हणाला कारकून, काय ते एक द्या, बंद करायचंय. मागे रांग होती. लोकांचा खोळंबा करणं बरं दिसत नाही. पत्र दिलं.

१६ एप्रिल
पाटी लागली. हिरवी. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.
दुपारी ताईचा फोन. अभिनंदन केलं. म्हणाली, रोपवाटिका बंद केली रे, आता काही जगत नाही तिथे. मग विचारलं, तुझ्या कारखान्यात मला एखादं काम मिळेल का?
बघतो, म्हणालो.