राखणीचा मासा

२ मार्च, रविवार

धम्मदीपनं आज मासा द्यायला नकार दिला. शोभेच्या माशांच्या त्याच्या दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला, तोंडावर!

मला मँडरिन पाहिजे होता — मोरपंखी अंग, त्यावर नारिंगी नक्षी. नांदेडात कुणाकडं नाही. सिनेमातला निमो आता दातांच्या दवाखान्यातसुद्धा पोचला. तोच ठेवायचा तर कॅलेंडर टांगलेलं बरं. पण हा म्हणतो, "अप्पा, त्ये फकस्त जिवंत किडे खातंय. तुमची टाकी सहा महिन्याची, तेवढे किडे न्हाईत तिच्यात. उपाशी मरंल."

मोटार रिवायंडिंगमध्ये पंचवीस वर्षं काढली. माल असून नको म्हणणारा एकतर भाव चढवतो, नाहीतर दुसऱ्याला शब्द देऊन बसलेला असतो.

५ मार्च

त्याऐवजी जोडी दिली. पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबी. ही नांदेडात पहिलीच, असं तो म्हणतो.

कोळंबीला धड दिसत नाही. ती दिवसभर बीळ उकरते, मासा दारात बसून राखण करतो. तिची मिशी कायम त्याच्या अंगाला टेकलेली. काही हाललं की हा शेपूट झटकतो — दोघं आत! आणि ती नांगी वाजवते. टक. सोफ्यावर बसून ऐकू येतं. बायकोला, उज्वलाला, येत नाही. मी बेअरिंग गेलेली मोटार फाटकातून ओळखणारा.

उज्वलाचं एकच पालुपद: लिंगायताच्या घरात कधी मासळी शिवली न्हाई, तुम्ही हॉलमध्ये आणून बसवली. मी म्हटलं, खायला नाही, पाहुणे म्हणून आणली.

धम्मदीप खुशीत होता. लातूरला कोणी डॉक्टर श्रीशैल आहेत, त्यांच्या नव्या दवाखान्यात भिंतभर टाकी व्हायची आहे. काम मिळालं तर मुदखेडहून रोज पॅसेंजरनं यायचं संपलं, नांदेडात घर करतो, म्हणाला. मी बरं म्हटलं. मनात म्हटलं, एवढा गोड बोलतो म्हणजे जोडीत काहीतरी खोट आहे.

११ मार्च

चार दिवस उदगीरला पंपाच्या कामावर. निघताना काचेवर रेघ मारली. उज्वलाला सांगितलं, पाणी रेघेखाली गेलं तर भर.

१९ मार्च

दोन दिवस झाले, टक नाही.

२१ मार्च

कोळंबी गेली. बिळाच्या तोंडाशी पडली होती. मासा अजून तिथंच बसलेला.

धम्मदीपला बोलावलं. बाटल्या, थेंब, कागद — बराच वेळ पाणी तपासत बसला. मग विचारतो, "अप्पा, बोअरचं पाणी तर पडलं न्हाई ना? कोळंबीला त्येच आधी बाधतंय."

हे मला! जमिनीखालच्या पाण्यावर घर बांधलेल्या माणसाला! समुद्राच्या पाण्यातलं पाणी उडतं, मीठ मागं राहतं. म्हणून वरून आरओचंच भरायचं — हे मला पाठ आहे. कोपऱ्यातला आरओचा कॅन दाखवला. त्यानं कॅनकडं पाहिलं आणि बाटल्या पिशवीत भरून निघाला. असा काढता पाय चोरच घेतो.

२४ मार्च

दुकानात गेलो. पडद्यामागं धम्मदीप फोनवर, माल पाठवणाऱ्या चेन्नईच्या माणसाशी. कान दिले. "मागच्या खेपंची अर्धी वाटंतच गेली. आता जोडीजोडीनं पाठव, एक तर जगंल."

मी आत न जाता परत फिरलो. म्हणजे याला माहीत होतं! मरायला टेकलेला माल माझ्या गळ्यात मारला.

२ एप्रिल

लातूरहून डॉक्टर श्रीशैलांचा फोन. ओळख ना पाळख, पण सरळ मुद्द्यावर आले. धम्मदीपला काम द्यावं का?

मी सांगितलं, माणूस बोलायला गोड, माल आजारी.

"बरं झालं विचारलं," म्हणाले.

रात्री दोन भाकरी जास्त गेल्या.

१४ एप्रिल

त्रेचाळीस अंश. कूलरमधलं पाणी दुपारपर्यंत संपतं, टाकीतलं मात्र रोज बरोबर रेघेवर. आरओचा कॅन जागचा हलत नाही. हे काय गौडबंगाल?

१८ एप्रिल

दुपारी जेवून आडवा झालो होतो. मागचा नळ सुटला — बोअरचा, त्याला घरघर आहे. मग बादलीची कडी. मग हॉलमध्ये पावलं.

उठून पाहिलं. उज्वला तांब्यानं टाकीत पाणी सोडत होती. हळूहळू, वाळू उडू नये म्हणून तांब्याखाली हात धरून.

"हे काय करून राहिलीस?"

"भरून राहिले. तुम्हीच म्हणलात न्हवं?"

"कुठलं पाणी?"

"खारं. रोज आल्यागेल्याला सांगता, खाऱ्या पाण्याची टाकी, खाऱ्या पाण्याची टाकी. आपल्यात खारं म्हंजे बोअरचंच की. गोडं घालून मारू का त्यांला?"

म्हटलं, मी मीठ कालवत होतो ते पाहिलंस ना?

"हाव. मला वाटलं, आपलं पाणी खारटपणात कमी पडलं."

उदगीरला गेलो तेव्हापासून, रोज. खारं पाणी हा शब्द जन्मभर आपण बोअरलाच लावला. आणि टाकीला तेच नाव मी दिलं!

तिनं तांब्या खाली ठेवला. "ती कोळंबी माझ्यानं मेली का हो?"

"माझ्यानं," म्हटलं.

१९ एप्रिल

निम्मं पाणी बदललं. मासा खातोय.

चेन्नईवाल्याशी तो वाटेत मेलेल्या मालावरून भांडत होता, माझ्या कोळंबीवरून नाही. आता कळतंय. कान तेच होते.

डॉक्टरांना तीनदा फोन लावला. उचलत नाहीत. धम्मदीपच्या दुकानासमोरून गाडी न थांबवता पुढं नेली.

२० एप्रिल

डॉक्टर भेटले फोनवर. म्हटलं, चूक माझ्या घरची, पोराचा माल चोख होता. म्हणाले, काम हैदराबादवाल्याला गेलं, काचासुद्धा येऊन पडल्या.

ठेवता ठेवता विचारलं, माझा नंबर कुणी दिला होता तुम्हाला?

"धम्मदीपनंच. म्हणाला, माझ्याकडची कोळंबी मेलीय त्यांच्याकडं, तरी त्यांनाच विचारा. मलप्पा अप्पा खोटं बोलायचे न्हाईत."