रक्तातली वाढ

सांगली,
२३ फेब्रुवारी २०२५

समीनाबाईंना सलाम आणि आमच्याकडचं जय जिनेंद्र.

मलकापुरात सगळी मजेत ना? तुझ्या अम्मींच्या, आपल्या रहिमतबी खालांच्या पायाची सूज उतरली का? त्यांना मीठ कमी करायला सांग म्हटलं तर तूच ओरडा खाशील, मला माहीत आहे.

इकडे हळदीचा हंगाम सुरू झालाय. आमचे हे, धन्यकुमार, पेढीवरून येतात ते पिवळे होऊन. सन्मती सातवीत आहे, उंचीनं माझ्या कानाला लागली. सासूबाईंचं देवळात जाणं, सूर्यास्ताआधी जेवणं, सगळं नेमानं चालू.

तुझा मेसेज वाचला. 'मैत्री नको असेल तर तसं तोंडावर सांग, फोन कापत बसू नको.' तुझ्या लेकीच्या, मिस्बाहच्या साखरपुड्याला मी आले नाही, तुझे व्हिडिओ कॉल घेतले नाहीत. तुला राग आला असणारच. समे, मैत्री नको असं कधी होईल का गं? पण उत्तर लिहायला बसले की दोन ओळींपुढं जात नव्हतं. म्हणून सरळ कागद घेतला.

मला एक आजार झालाय. भिऊ नकोस, कॅन्सर नाही. मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते, तिच्यावर वाटाण्याएवढी गाठ आली. त्यामुळं अंगात वाढीचं संप्रेरक सुटतच राहतं. लहानपणी झालं असतं तर ताडासारखी उंच झाले असते. चाळिशीत उंची वाढत नाही, म्हणून बाकीचं वाढतं. हात, पाय, जबडा, नाक, जीभसुद्धा.

आधी काही कळलंच नाही. अंगठी अडकली, सोनाराकडून कापून काढली. चपला लहान व्हायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, या वयात बाईचं अंग सुटतंच. त्यात काय हाय येवढं?" मलाही तसंच वाटलं. घाम, डोकेदुखी, पाळी बंद झाली, प्रत्येकाला वेगळं औषध घेत राहिले. शेवटी खालच्या दातांत फटी पडल्या म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तुमचा जुना फोटो आहे का मोबाईलमध्ये?"

आपल्या दोघींचा होता. मिरजेच्या कॉलेजच्या दिवसांतला, तुझ्या अब्बांच्या तंबोऱ्याच्या कारखान्यात काढलेला. त्यांनी तो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला आणि मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

मिरजेच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. ते संप्रेरक दिवसभर वर-खाली होत राहतं, एकदा मोजून कळत नाही. पण त्याच्या हुकमानं यकृत वाढीचा एक घटक तयार करतं, आयजीएफ-वन म्हणतात त्याला. तो रक्तात स्थिर असतो. त्याची पातळी बघितली की आजार किती आहे ते कळतं. माझ्या वयाला अडीचशेच्या आत हवी. माझी नऊशेच्या घरात निघाली. हे म्हणाले, "लॅबची चूक असेल." पुन्हा केली. तेवढीच.

दिवाळीआधी नाकातून ऑपरेशन केलं. गाठीचा एक भाग मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला, तो तसाच ठेवावा लागला. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी रक्त बघू, मग खरं काय ते कळेल.

ते रक्त द्यायला मी मिरजेला गेले होते. आता जे लिहायचं होतं ते लिहिते.

खालांची सूज मला कशी कळली, असं तुझ्या मनात आलंच असेल. मी बघितली. रक्त घेतात त्या खोलीबाहेरच्या बाकावर मी बसले होते. तू त्यांना हाताला धरून घेऊन आलीस. तो मोरपंखी ड्रेस तुला छान दिसतो गं. उठून मिठीच मारणार होते. तेवढ्यात तू म्हणालीस, "मावशी, जरा सरकता का? अम्मीला बसू दे."

मी सरकले.

खालांनी विचारलं, "कुठून आलात?" माझा आवाजही आता जाड झालाय, पुरुषासारखा. गॅसवाला फोनवर मला सर म्हणतो. मी ओढणी तोंडाशी धरली आणि हळूच म्हटलं, "सांगली."

तू हसलीस. "सांगलीत माझी एक मैत्रीण आहे. लय जीव होता एकमेकींवर. आता फोनसुद्धा उचलत नाही. माणसं बदलतात."

खाला म्हणाल्या, "काही अडचण असेल तिची. तू जाऊन बघ की एकदा."

मी मान खाली घालून बसले. आणि आतून सिस्टरनं हाक मारली, "ब्राह्मी मगदूम!"

समे, तू ताडकन उठलीस. दाराकडे बघितलंस, जिन्याकडे बघितलंस, पलीकडच्या बाकांवरच्या एकेका बाईचं तोंड बघितलंस. माझ्या तोंडावरूनही तुझी नजर गेली. थांबली नाही. सिस्टरनं पुन्हा हाक मारली. तू फाटकापर्यंत जाऊन आलीस. "इथंच कुठंतरी असेल अम्मी, नाव पुकारलं की तिचं!" नुसतं 'मी' म्हणायचं होतं. नाही आलं तोंडातून.

तुमचं काम झालं, तुम्ही गेलात, मग मी आत गेले. सिस्टर चिडली, "अहो, हाका मारून घसा सुकला, होतात कुठं?" तिला काय सांगू?

रिपोर्ट काल आला. पावणेसहाशे. कमी झालंय, पण गाठ अजून जागी आहे. आता दर महिन्याला इंजेक्शन, मग पुन्हा रक्त, पुन्हा वाट बघणं. डॉक्टरांना विचारलं, आकडा खाली आला की चेहरा पहिल्यासारखा होईल का? ते म्हणाले, "सूज थोडी उतरेल. वाढलेलं हाड मागं येत नाही." हे गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मीच म्हटलं, "चला, सन्मती शाळेतून आली असेल." कुणावर रागवावं तेही कळत नाही, समे. कुणाचंच काही चुकलेलं नाही.

तू मला ओळखलं नाहीस याचा राग नाही. आरशात मलाही वेळ लागतो. पण त्या दिवशी तू मला इतकी शोधत होतीस, आणि मी शेजारी असून तुला सापडले नाही, हे काही केल्या मनातून जात नाही.

मिस्बाहच्या लग्नाला यायचं माझ्यानं होईल का, आज सांगता येत नाही. त्याआधी एका रविवारी तू ये. एकटी ये. दार मीच उघडीन. उघडणाऱ्या बाईला 'ब्राह्मी आहे का घरात?' असं तेवढं विचारू नकोस.

तुझीच,
ब्राह्मी