सावलीपुरता कोरा कागद

प्रिय वरदे,

चार वर्षांनी ताईचं पत्र बघून कपाळाला आठी पडली असेल. आईला मी केअर होममध्ये ठेवलं त्याचा राग अजून तसाच असणार, तरी फाडू नकोस. फोन तू उचलला नसतास, आणि हट्टी तर आपण दोघीही.

रिटायर झाल्यापासून दर मंगळवारी मी एजवेअरच्या लायब्ररीत चित्रकला शिकते. शिकवणारे लू सर चीनमधल्या हांगचौचे. शाई, कुंचला, धुक्यातले डोंगर, सगळं आजोबांकडून आलेलं. पण माणसं काढतात विलायती पद्धतीने, उजेड कुठून येतो ते बघून, आणि अगदी शेवटी पायाशी सावली घालतात. जुन्या चिनी चित्रांत माणसाला सावली नसते म्हणे. ही सवय त्यांना लंडनच्या आर्ट कॉलेजात लागली.

मार्चमध्ये त्यांनी आमच्या बागेत गिरीशचं चित्र काढलं. सफरचंदाच्या झाडाला सावली, खुर्चीला सावली, गिरीशला नाही. माझ्या नवऱ्यालाच विसरलात की, अशी मी थट्टा केली आणि सावली घालायला लावली. शाई वाळली तसा कागद तिथे पुन्हा कोरा झाला. मी हसले गं. एप्रिलमध्ये गिरीश गेला. तुझं कार्ड आलं, तू आली नाहीस.

मग वर्गातली मधुमती. चित्रात तिलाही सावली नव्हती, आणि तीन आठवड्यांत तीही गेली. तीस वर्षं भूल देणारी डॉक्टर मी, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी वर्ग सुटल्यावर मी थांबले. विचारलं तेव्हा लू सर एवढंच म्हणाले, "सावली मी ठरवून काढत नाही. हात जातो, किंवा जात नाही." तेव्हापासून ते फक्त बांबू आणि खडक काढतात.

मीच त्यांच्या मागे लागले. त्या कार्डानंतर बर्मिंगहॅमहून तुझी काही खबर नाही, जीव थाऱ्यावर नव्हता. ईलिंग रोडवर साड्यांच्या दुकानाबाहेर आपण दोघी हसतोय, तो फोटो दिला, यावरून चित्र काढा म्हटलं. दोन आठवडे ते नाहीच म्हणत होते. काल गुंडाळी हातात ठेवून चहाही न घेता गेले.

उलगडताना आधी तुझे पाय पाहिले. लांब, दाट सावली आहे तुझी, फुटपाथ ओलांडून रस्त्यापर्यंत गेलेली. मी देवापुढे साखर ठेवली. मग माझ्या पायांशी पाहिलं. तिथे कागद कोरा आहे. भांडण बरोबर न्यायचं नाही मला, वरदे. या शनिवारी ये. पुढच्या शनिवारचं मी सांगू शकत नाही.

तुझीच,
सुहासताई