पालथी नक्षी

फेझ, ११ ऑक्टोबर १९९३

ती. थोरल्या बहिणीस, लाल्ला बहिजास, धाकट्या अन्वारचा सलाम वि. वि.

माझं सगळं बदललं ते गेल्या गुरुवारी दुपारी साडेचारला, नुझाच्या वडिलांच्या बैठकीत, लारबीने निळ्या कागदातले साखरेचे तीन सुळके पुढे ठेवून तोंड उघडलं त्या क्षणी. मागणी घालताना थोरल्याने बोलायचं, म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. आणि आपला भाऊ हसत हसत म्हणाला, "पोरगा गुणी आहे हो, फक्त हातात घेतलेलं काही पुरं करत नाही. पण काळजी नको, माझ्या दुकानात माझ्या नजरेखाली राहील." सगळे हसले. लाल्ला, सवयीने मीही हसलो. त्याचाच राग जास्त येतो.

पोरगा म्हणे! बत्तीस पुरी होतील मला. कायद्याचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, कबूल. टॅक्सी सोडली, तेही कबूल. पण दहा वर्षं त्याच्या दुकानात बसून बायकांच्या पायांत पिवळ्या सपाता चढवल्या, ते का नाही सांगितलं? नुझाच्या वडिलांनी वर्षभराने बघू म्हणून सुळके ठेवून घेतले, म्हणजे नकार नाही. नुझा दाराआड चहाचं तबक घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी ती बसची तिकिटं देते त्या खिडकीवर गाठलं तिला, तर म्हणाली की वर्षभर थांबायला तिची काही हरकत नाही, पण पुन्हा काही सोडून तिच्यासमोर यायचं नाही. रांगेतली माणसं ऐकत होती.

शनिवारी मी दुकानाकडे फिरकलोच नाही. कारागिरांचे उस्ताद मअल्लम तिजानी यांच्या कारखान्यात जाऊन फरशीच्या तुकड्यांची नक्षी शिकायला बसलो. तिथले सगळे लहानपणापासून हातोडी धरलेले. मला 'वकीलसाहेब' म्हणतात, आज कोणत्या तुकड्याची बाजू मांडणार म्हणून विचारतात. दोन बोटं ठेचली आहेत. अक्षर वाईट आलंय ते त्यामुळे. तेवढं सांभाळून घे, आणि माझ्यावरची माया लारबीला विचारून कमीजास्त करू नकोस.

तुझा अन्वार

•

उज्दा, २ नोव्हेंबर १९९३

चि. अन्वारास बहिजाचे आशीर्वाद, आणि पोस्टाने एक कानाखाली.

कानाखाली अशासाठी, की पत्रभर लारबी आहे, नुझा आहे, आणि ज्या कामाला तू जन्म वाहणार त्याला जेमतेम चार ओळी. तू शिकायला गेला आहेस की भावाला दाखवायला? दाखवायला गेला असशील तर तो बघेनासा झाला की तू उठशील. मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय, माझ्याशी वकिली नको.

माझंही ऐक. अडतिसाव्या वर्षी मी मोटार शिकतेय. दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा तर परीक्षेच्या साहेबाला घेऊन भाजीच्या गाड्यात शिरले. तुझे मेहुणे सगळ्या गल्लीला सांगत सुटलेत. मला संताप येतो, रडूही येतं, आणि बुधवारी पुन्हा गाडीत बसते. का, विचारशील तर मला ते चाक हातात आवडतं. तुला ती हातोडी आवडते का, एवढंच पुढच्या पत्रात लिही. जेवत जा. आमची आठवण धरून राहा, आम्ही तुझी धरलेलीच आहे.

तुझी बहिजा

•

फेझ, २० फेब्रुवारी १९९४

सौ. बहिजास लारबीचा सलाम.

तुझा लाडका काल भरदुपारी घरी आला. काम सोडलं म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. मी चकार शब्द काढला नाही, हे तुझ्या माहितीसाठी. तू मला दरवेळी खलनायक करतेस. बाबा गेले तेव्हा चौदाव्या वर्षी मी शाळा सोडून दुकानात बसलो, तो शिकावा म्हणून. त्याने दुसऱ्या वर्षाची पुस्तकं रद्दीत घातली. मी एक थट्टाही करायची नाही?

मी चार महिने दुपारची सुट्टी झाली की कारखान्यावरून चक्कर मारून त्याला हटकत होतो, तेही त्याच्या भल्यासाठीच. असो. रविवारी नुझाच्या वडिलांना चहाला बोलावलंय. तो दुकान सांभाळणार हे त्यांच्या कानावर पडलं की उन्हाळ्यात लग्न उरकू. तूही त्याला चार शब्द लिही. घरच्यांना तुझी ओढ आहे, तुलाही आमची असू दे.

लारबी

•

फेझ, २८ फेब्रुवारी १९९४

ती. लाल्ला बहिजास सलाम वि. वि.

लारबीने तुला अर्धंच कळवलं असणार. बाकीचं मी सांगतो.

आमच्या कामात तुकडे पालथे मांडतात. रंग जमिनीकडे, वर नुसती लाल माती. पाठीकडून हिरवा, काळा, निळा सगळे सारखेच. कुठल्या टोपलीतून काय उचललं ते डोक्यात ठेवायचं, वरून गिलावा ओतायचा, आणि तो सुकल्यावर उचलून उभं केलं की मगच नक्षी दिसते. कारंज्यामागच्या भिंतीचा एक कोपरा मअल्लमनी पहिल्यांदा माझ्या एकट्याच्या हाती दिला होता. त्याच दुपारी लारबी दारात उभा राहून सगळ्यांदेखत विचारून गेला, की वकीलसाहेब अजून टिकलेत का. माझं डोकं फिरलं. मनातल्या मनात त्याच्याशी भांडत मी मांडत गेलो, संध्याकाळपर्यंत. पाच दिवसांनी तो भाग उचलून उभा केला. निळ्याच्या जागी सबंध कोपरा काळा.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मअल्लमनी एवढंच विचारलं, "हे मांडताना तू कुठे होतास?" मला उत्तर माहीत होतं, म्हणूनच मी हातोडी टाकून निघून आलो.

लारबी खरंच काही बोलला नाही. बायकोला माझ्यासाठी सूप करायला लावलं. पाठीवरून हात फिरवला. लाल्ला, त्या हाताचा मला त्याच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त राग आला, कारण त्याला बरं वाटत होतं. मी पडलो की त्याचं घर जागेवर येतं. आणि मलाही ते बरं वाटत होतं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कळलं, की निजल्यानिजल्या माझी बोटं चादरीवर तुकडे लावतायत. तू विचारलं होतंस त्याचं उत्तर इतके महिने दिलं नव्हतं. हो, हातोडी आवडते. नुझा नसती तरी आवडली असती.

तुझी माया असू दे हे इथेच मागून घेतो, पुढचं सांगितल्यावर तू कोणाच्या बाजूची होशील सांगता येत नाही.

काल नुझाचे वडील आले. लारबीने मला शेजारी बसवलं. चहा झाला, बदामाची बिस्किटं झाली. मग तो म्हणाला, की पोराच्या डोक्यातलं खूळ गेलं, उद्यापासून दुकान त्याचंच. तिच्या वडिलांनी मान हलवली. असं असेल तर वर्ष कशाला, मे महिन्यातच करू, म्हणाले. लाल्ला, मे महिना.  मी नुसता गप्प बसलो असतो तरी पुरे होतं, ऑक्टोबरसारखं.

मी म्हणालो, "दुकान आमच्या थोरल्याचं, सिदी लारबीचं आहे. मी कोपरा चुकवलाय, तो फोडून पुन्हा मांडायला निघालोय."

तिच्या वडिलांनी पेला तबकात ठेवला. लारबी म्हणाला, आज उठलास तर तुझ्यासाठी पुन्हा त्यांच्या दारी जाणार नाही, त्या मुलीला विसर.  मला त्याला दोन शब्द लागतील असे सुनवायचे होते, तयारही होते. पण ते सुनवत बसलो असतो तर पुन्हा तिथेच बसलो असतो. मी सपाता पायात घातल्या, बाहेर पडलो आणि मागे दार ओढून घेतलं.